घरचं आदण

तुम्ही दुकानात गूळ घेता तेव्हा आधी काय बघता? खडा तोंडात टाकून चव बघता, की काचेच्या बरणीकडे बोट दाखवून 'तो पिवळा द्या' म्हणता?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. कोल्हापूरच्या बाजारालाही ते माहीत आहे. एका माणसाने मात्र ते कधी मान्य केलं नाही, आणि म्हणून आमच्या भागातला सगळ्यात चांगला गूळ करणारे हात रिकामे राहिले. त्या माणसाबद्दल हे लिहिते आहे. त्याचं नाव लिहीत नाही. एका सरकारी कागदावर ते एकदा लिहिलं गेलं, तेवढी बदनामी पुरे झाली.

ते आमच्या गुऱ्हाळातले गुळवे होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटत असतो, तेव्हा मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो चुकला तर काहिलीतलं सगळं आदण, म्हणजे रसाचा तो अख्खा घाणा, वाया जातो. आमचं गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून सायकलीवर अर्ध्या तासाचं. गुऱ्हाळ आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि चुलत्यांचं मिळून. शाहूवाडीच्या डोंगरातलं स्वतःचं भात कापून, मळून झालं की हे गृहस्थ एसटीने यायचे. हातात पत्र्याची पेटी, काखेत कापडात गुंडाळलेला लांब दांड्याचा झारा. गावात लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. झाऱ्याला ते कुणाला हात लावू देत नसत. 'तुमचा हात कुठं कुठं जाऊन आलेला असतोय,' असं तोंडावर सांगायचे. पहिल्या हंगामात चुलत्यांना याचा राग आला होता. दुसऱ्या हंगामापासून तेही झाऱ्यापासून चार हात लांब उभे राहू लागले.

गुऱ्हाळाच्या दाराशी त्यांनी पाण्याचं अर्धं पिंप ठेवून घेतलं होतं. आत येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुवायचे, मग तो ऊस वाहणारा गडी असो की सरपंच. बिडी तर कोपऱ्यावरच्या बाभळीपलीकडे. गरम गूळ खायला पाहुणे घेऊन येण्याची आमच्याकडे रीत आहे. एकदा आबांच्या ओळखीचे बँकेतले एक साहेब बायकामुलांसह आले आणि बुटांसकट थेट वाफ्यापर्यंत गेले. वाफा म्हणजे पाक ओतून गार करायचा जमिनीतला उथळ हौद.

'पावणं, पाय धुवा,' मामा म्हणाले.

'अहो, मी गूळ तोंडाने खाणार आहे, पायाने नाही.'

'ते व्हय. पर वाफ्यात तुमचं तोंड न्हाय जाणार, बुटाची माती जाणार हाय.'

साहेबांनी आबांकडे बघितलं. आबा चुलवाणातल्या जाळाकडे बघत राहिले. साहेबांनी बूट काढले. त्यांच्या बायकोला मनापासून हसू आलं. म्हणाल्या, 'घरी माझं एवढं कधी ऐकत नाहीत.'

'तुमच्याकडं झारा न्हाय, वैनी,' मामा म्हणाले.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षरं जोडून जोडून वाचायचे, इंग्रजी मुळीच नाही. पण त्यांच्या पेटीत कपडे कमी आणि वेष्टणं जास्त होती. बिस्किटांचे रिकामे पुडे, तेलाच्या पिशव्या, कुठल्याशा खताच्या पोत्याचा कापलेला तुकडा. दुपारी काहील उतरली की मला हाक यायची.

'वाच की पोरी. बारीक अक्षरात काय लपिवलंय बघू.'

मी अकरावी सायन्सला होते. पुड्यात काय काय घातलं आहे, कधी तयार केलं, कधीपर्यंत खावं, हे सगळं मी वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मला या कामाची गोडी होती, कारण मी छापील कागदांवरच वाढले. आबा लाल झेंड्याचे. घरात तांदळाच्या पोत्यांइतकेच पत्रकांचे गठ्ठे. 'शोषण' हा शब्द मला 'शेंगदाणे'च्या आधी लिहिता यायचा. पत्रकांतून मी जग कसं असायला हवं ते शिकले. मामांनी मला पुड्याच्या मागची बाजू वाचायला शिकवलं. आज सांगते, दुसरं शिक्षण जास्त कामाला आलं.

गावातल्या दुकानदाराला मामांनी तारीख उलटलेला बिस्किटाचा पुडा परत नेऊन दिला, तो प्रसंग लोक पुढे कित्येक दिवस नक्कल करून सांगत.

'तारीख गेली म्हंजी काय इख झालं व्हय त्येचं?' दुकानदार म्हणाला.

'मला काय ठावं? ज्यानं केलं त्यानंच लिवलंय, आता खाऊ नगा म्हणून. त्येचं ऐकू का तुझं?'

'मामा, आख्ख्या गावानं खाल्लं. कोन मेलं का?'

'मरंस्तोवर थांबायचं हाय का तुला?'

दुकानदाराने पुडा बदलून दिला, पण त्या दिवसापासून मामा दिसले की तो 'आलं सायेब' म्हणून उठून उभा राहायचा. मामाही गंभीर चेहऱ्याने 'बसा' म्हणायचे.

आबांना ते मालक म्हणत. आबांना ते खुपायचं. 'मामा, मालक म्हणू नका. आपण सगळे कष्टकरी. कॉम्रेड म्हणा.' मामा मान डोलवायचे. 'बरं, मालक.'

आता पावडरीबद्दल सांगते.

मी बारावीत गेले तोवर आमच्या भागातल्या बहुतेक गुऱ्हाळांत एक पांढरी पावडर पोचली होती. पाक उतरायच्या आधी ती काहिलीत टाकली की गुळाचा तांबूस काळपट रंग जातो आणि तो केशरी पिवळा होतो. तो पिवळेपणा टिकत नाही. काही आठवड्यांत त्याच गुळाला पाणी सुटतं आणि तो काळवंडतो. पण सौद्याच्या दिवशी तो चकाकतो, आणि सौदा त्या एका दिवसाचाच असतो. ही पावडर गंधकापासून बनते, आणि गुळात गंधकाचा अंश किती चालेल याला कायद्याने मर्यादा घातली आहे. गुऱ्हाळात ती मर्यादा कोण मोजणार? तिथे माप होतं मुठीचं. एका मुठीने रंग आला नाही तर दुसरी मूठ. आणि तो गूळ कोणाच्या पोटात जातो? बाळंतिणीच्या लाडवात जातो, देवाच्या नैवेद्यात जातो, शाळेत निघालेल्या पोराच्या पोळीत जातो. 'शुद्ध गावरान' म्हणून जातो.

आमचा गूळ तेवढा अजून तांबूस होता. मामा रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणायचे, झाऱ्याने ती पुन्हा पुन्हा काढायचे, आणि एवढंच. त्यामुळे बाजारात आमचा माल मागे पडू लागला. शेवटी एका सकाळी आबा पावडरीचा डबा घेऊन आले.

मामांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच बंद केलं. फटाका विझल्यावर येतो तसला वास होता.

'हिला वळखतो मी. तरणा हुतो तवा दोन वर्सं इचलकरंजीला कापडाच्या रंगकामात हुतो. कापडाला रंग चुकीचा बसला की तो उडवायला हीच घालायचो. घसा धरायचा, पोरं खोकून खोकून भाईर पळायची.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'वाच गं, डब्यावर काय हाय.'

मी वाचलं. औद्योगिक वापरासाठी. ओलाव्यापासून दूर ठेवा. श्वासात जाऊ देऊ नका.

'औद्योगिक म्हंजी?'

'कारखान्यासाठी.'

'गुऱ्हाळ हा पण कारखानाच की एक,' आबा म्हणाले. तीस वर्षं पत्रकं लिहिलेला माणूस हे म्हणाला. मी तिथेच उभी होते.

'समदी घालत्यात मामा,' चुलते मागून म्हणाले.

'समदी खात्यात का?'

याचं उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या भागात पावडर घालणाऱ्या प्रत्येक गुऱ्हाळाची एक पद्धत आहे आणि ती कोणी परक्याला सांगत नाही. हंगामभर पावडर घालून माल काढायचा, आणि मध्ये एखाद्या दिवशी एक आदण वेगळं काढायचं. बिनपावडरीचं. त्याला म्हणायचं घरचं आदण. ते वर्षभर स्वतःच्या चुलीसाठी, लेकीसुनांसाठी, जवळच्या पाहुण्यांसाठी. म्हणजे अडाणीपणाने कोणी विष कालवत नव्हतं. काय घालतो आहोत हे प्रत्येकाला नीट कळत होतं, इतकं नीट, की आपली पोरं त्यातून अचूक बाजूला काढता येत होती. या गोष्टीची मला आजही जेवढी चीड येते तेवढी कुठल्याच भेसळीची येत नाही. न कळणाऱ्याला शिकवता येतं. ज्याने आपल्या घरापुरतं वेगळं भांडं ठेवलं आहे, त्याला काय शिकवायचं?

मामांनी डबा आबांच्या हातात परत दिला. 'तुमी घाला. माझा हात न्हाय लागणार. इकायच्या आदी एक करा मालक, तुमच्या पोरीला हिच्यातला गूळ खाऊ घाला माझ्यासमोर.'

आबांनी डबा खाली ठेवला. मग दोघांत ठरलं. मामांनी त्यांच्या पद्धतीने आठवडाभर गूळ करायचा आणि तो माल घेऊन स्वतः सौद्याला यायचं. बरोबरीचा भाव मिळाला तर डबा परत जाईल. नाही मिळाला तर मामा जातील आणि पावडर घालणारा गुळव्या येईल. मामांच्या अख्ख्या आयुष्याची कला त्या एका सकाळवर टांगली गेली. ते खुशीत होते. म्हणाले, 'जिभा समद्यास्नी हायत की.'

मार्केट यार्डात मी पण गेले. अडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल सौद्याला लावणाऱ्या मधल्या माणसाच्या दुकानात गुळाचे मोठमोठे रवे, म्हणजे ढेपा, ओळीने मांडलेले. सगळे पिवळे, मधे आमचे तांबूस. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. त्यांनी एक रवा फोडून खडे केले, स्वच्छ फडक्यावर ठेवले आणि खरेदीदार आले की ते फडकं पुढे धरू लागले.

'चाखा की, पावणं.'

'चव गिऱ्हाईक बघतंय, आमी रंग बघतो,' एक जण चालता चालता म्हणाला.

'गिऱ्हाईकापतूर जाऊ द्या तर.'

'काळा माल दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक पायरी चढत न्हाय, मामा. तुमी गुळवे हाय का वैद्य?'

बाकीचे हसले. टोळकं पुढच्या ओळीकडे सरकलं. एकच म्हातारे व्यापारी थांबले. त्यांनी खडा तोंडात टाकला, तसाच घोळवत उभे राहिले. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

'असला गूळ लहानपणी खाल्ला होता,' म्हातारे म्हणाले. 'अजून कोण करतं हे मला ठाऊक नव्हतं.'

'मग बोला की.'

म्हाताऱ्यांनी अडत्याला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, 'यातला एक रवा माझ्या घरी पाठवून द्या.'

बस. एक रवा, घरी. सौद्यात त्यांनी तोंड उघडलं नाही. बाकीची ओळ सगळ्यात शेवटी, पडेल भावात, एका पशुखाद्यवाल्याने उचलली. त्या आठवड्यात जिल्ह्यातला स्वच्छ गूळ म्हशींनी खाल्ला आणि रंग उडवायची पावडर माणसांनी. परत येताना मामा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. उरलेले खडे त्यांनी फडक्यात बांधले होते. वाटेत मी एक मागितला तर सगळं फडकंच माझ्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी भरली. आणि आबांनी काय करावं? दारात उभं राहून म्हणाले, 'मामा, जायच्या आधी तेवढं घरचं एक आदण काढून जाता का?'

मला वाटलं, मामा झारा फेकून मारतील. त्यांनी पेटी खाली ठेवली, पाय धुतले आणि आत गेले. दुपारपर्यंत त्यांनी आमच्या घरासाठी वर्षाचा गूळ काढला. त्यांनी असं का केलं हे मी नंतर विचारलं होतं. म्हणाले, 'पोरं खानार हायत ती. पोरांचा काय गुना?'

नवा गुळव्या आला. आमचा गूळ पिवळा झाला, आबांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली, आणि मी कॉलेजातल्या शहाणपणाने भेसळीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात एक अर्ज टाकला. आमच्या भागातल्या गुऱ्हाळांत काय चालतं ते सगळं लिहिलं. फक्त आमच्या गुऱ्हाळाचं नाव लिहिलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला ही एक सवय लागते. अन्याय सगळीकडे दिसतो, आपला उंबरा सोडून.

त्या अर्जावरून तपासणीचे साहेब आले ते नेमके आमच्याकडे. रस्त्यालगतचं पहिलं गुऱ्हाळ आमचं. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नव्हते, गुऱ्हाळातच होते. पिवळ्या गुळाची थप्पी ताडपत्रीखाली झाकलेली होती. आबा घरात गेले आणि मामांच्या घरच्या आदणातला एक रवा उचलून आणला.

'हा विक्रीचा?' साहेबांनी विचारलं.

'हाच.'

'कोणी केला?'

आबांनी मामांचं नाव सांगितलं. साहेबांनी एकदा ताडपत्रीकडे बघितलं, मग रसाचा पेला उचलला. नमुना फोडला, बाटल्यांत भरला, लाख लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. सगळं नियमाप्रमाणे. मी तिथून चार पावलांवर उभी होते. 'ती ताडपत्री काढा' एवढे तीन शब्द बोलायचे होते. बोलले असते तर खटला आबांवर झाला असता. मी बोलले नाही.

अहवाल आला. नमुना मानकांनुसार आढळला. कार्यालयाने माझ्या अर्जाला उत्तर दिलं की, तक्रारीत तथ्य दिसत नाही. मग त्या अहवालाच्या झेरॉक्स निघाल्या. पुढच्या सौद्याला त्या अडत दुकानांच्या भिंतींवर होत्या. आमच्या भागातला गूळ तपासलेला आणि शुद्ध आहे, हा बघा कागद. तयार करणाऱ्याच्या जागी मामांचं नाव. ज्याला पावडर घालत नाही म्हणून काढलं, त्याच्याच गुळाने सगळ्यांच्या पावडरीला शुद्धतेचा दाखला मिळवून दिला.

दोन-तीन वर्षांनी, भातलावणीच्या दिवसांत, मी तो कागद घेऊन शाहूवाडीला गेले. त्या हंगामानंतर मामांना एकाही गुऱ्हाळाने बोलावलं नव्हतं. काळा गूळ काढणारा म्हणून नाव झालं होतं. ते भाताच्या खाचरात होते, गुडघाभर चिखलात. बांधावर येऊन बसले. म्हणाले, 'वाच.'

मी शब्दन् शब्द वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते.

'आन तो पिवळा? त्यो न्हेला न्हाय?'

'नाही.'

'तू हुतीस तिथं?'

'होते.'

ते पोटऱ्यांवरचा चिखल नखाने खरवडू लागले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद हातात घेतला, आपलं नाव बोटाने शोधून काढलं आणि परत दिला.

'नाव माझं हाय, माल बी माझा हाय. पर कागुद खोटा हाय. माझ्या घरात नगो ह्यो.'

ते उठून पुन्हा खाचरात उतरले. त्यानंतर मी अन्नभेसळीच्या कायद्याचं पुस्तक मिळवलं आणि बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. त्यात एक कलम सापडलं, जे माझ्या अर्जाच्या वेळी मला माहीत असायला हवं होतं. साहेब यायची वाट बघावी लागत नाही. विकत घेणारा कोणीही माणूस, तुमच्या-माझ्यासारखा, शुल्क भरून खाण्याचा पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच. तपासायला नेणार आहोत हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. हे कलम वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आबांनाही मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'पत्रक काढ.' पत्रकं पुष्कळ निघाली.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागते. या आठवड्यात एकदा, दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असतील अशा वेळी अर्धा किलो गूळ घ्या, आणि पुडी बांधली जात असताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: 'हा मी तपासायला नेणार आहे.' मग खरोखर न्या.